घरातलंच, फक्त जरा मऊ

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं लहान मुलांच्या जेवणाची आहेत, त्यातली चार-पाच निवडली. मी गेली २२ वर्षं पुण्यात पाळणाघर चालवते, रोज पंधरा-सोळा मुलं माझ्यासमोर जेवतात, तर जे सांगतेय ते बरंचसं तिथे बघून बघून कळलेलं आहे.

प्रश्न : मुलगी अडीच वर्षांची आहे. मोबाईलवर गाणी लावल्याशिवाय एक घास घेत नाही. एक जेवण सव्वा तास चालतं, मी वाटी घेऊन घरभर तिच्या मागे फिरते आणि तरी अर्धं उरतंच. मग उपाशी झोपायला नको म्हणून रात्री दूध देते. डॉक्टर म्हणतात वजन ठीक आहे, सासूबाई म्हणतात पोर वाळली. मी रडकुंडीला आलेय. – एक आई, चिंचवड

उद्या एक काम करा, ती दिवसभरात किती दूध पिते ते मोजा. अंदाजाने नको, खरंच मोजा. उठल्या उठल्या एक बाटली, दुपारी झोपताना एक, संध्याकाळी रडली म्हणून एक आणि रात्री जेवली नाही म्हणून एक, असं करत करत लिटरभर कधी होतं ते कळतच नाही. या वयाला दिवसाला ४०० ते ५०० मिली म्हणजे दोन कप दूध पुष्कळ झालं. त्याच्यावर गेलं की भुकेला जागाच उरत नाही, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे नुसत्या दुधावर असलेली मुलं फिकट पडतात, किरकिर करतात आणि भूक अजूनच मरते, म्हणून मग परत दूध. हे चक्र पहिल्यांदा तोडायचं. बाटली बंद करून कपाने द्या, आणि ‘जेवली नाही म्हणून दूध’ हे तर अजिबातच नको, कारण मुलं हुशार असतात, पाच-सहा दिवसांत त्यांना कळतं की आमटी-भाताला नाही म्हटलं की दूध येतं.

दुसरं म्हणजे खाण्याच्या वेळा. नाश्ता, दुपारचं जेवण, चार-साडेचारचा खाऊ, रात्रीचं जेवण. मधे फक्त पाणी. बिस्कीट नाही, मूठभर कुरमुरे नाहीत, आजोबांच्या चहात बुडवलेला टोस्ट तर नाहीच, चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही.

मोबाईल मात्र हळूहळू कमी करत बसू नका, एकदम बंद करा. आज एक गाणं, उद्या अर्धं असं केलं की रोज नवीन भांडण होतं आणि रोज तुम्ही हरता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून एक तासाच्या वर स्क्रीन नको, त्याहून कमी असेल तर उत्तमच, आणि तो तास जेवणाचा तर नसावाच, कारण गाणी बघताना पोट भरलं की रिकामं आहे तेच मुलाला समजत नाही, तोंड आपोआप उघडतं. शनिवारी सुरुवात करा म्हणजे घरात दोघं असाल. तीन-चार दिवस जड जातील, आरडाओरडा होईल, त्याची मनाची तयारी ठेवा आणि घरातल्या बाकीच्यांनाही आधी सांगून ठेवा, आणि त्या वेळी मोठ्यांचेही फोन दुसऱ्या खोलीत.

मग तिला तुमच्याबरोबर बसवा, तुमच्याच पंगतीत, तिचं छोटं ताट मांडून. काय वाढायचं आणि कधी वाढायचं हे तुमच्या हातात, किती खायचं हे तिच्या. भात दोन चमचे, पोळीचा चतकोर, भाजी बोटभर. इतकं थोडं बघून सासूबाईंचा जीव कासावीस होईल पण संपलं की ती स्वतःहून मागेल, आणि मागून खाल्लेलं अंगाला लागतं. वीस-पंचवीस मिनिटं झाली की ताट शांतपणे उचला. रागवायचं नाही, ‘बघ आता भूक लागेल’ पण म्हणायचं नाही. चिऊचा घास काऊचा घास जरूर करा, मजेत करा, पण तोंड मिटलं की तिथे थांबा.

माझ्याकडे असाच एक मुलगा होता, आई म्हणाली हा बिस्किटाशिवाय काही खातच नाही. आमच्याकडे त्या पंधरवड्यात वरणफळं होती (तुमच्याकडे चकोल्या म्हणत असतील), रोज नाही पण एक दिवसाआड, मुद्दामच. पहिले तीन वेळा त्याने वाटीकडे नुसतं बघितलं. चौथ्यांदा एक फळ उचललं, मांडीवर ठेवलं, त्याला चिकटलेलं वरण चाटलं आणि फळ परत वाटीत. पुढच्या वेळी शेजारची मुलगी बोटांनी उचलून फुर्र करत खात होती तिच्याकडे बघून याने एक तोंडात घातलं. त्यानंतरच्या वेळी सात खाल्ली. मी मोजली होती. कोणी त्याला एक अक्षर बोललं नव्हतं.

म्हणून भाजी नावडती आहे हे तिसऱ्या दिवशी ठरवून टाकू नका. दहा-पंधरा वेळा समोर यावी लागते नवी चव, तीही वेगळ्या रूपात. दुधी भाजीत नको तर थालिपिठात किसून, मुटक्यात, वरणातच शिजवून.

आणि सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे बरोबर न्या, वाढीचा तक्ता त्यांच्या डोळ्यांनी बघू दे. पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षापासून वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं, भूकही त्या मानाने कमी होते, हे कोणी समजावून सांगितलं की पुष्कळ आज्यांचा जीव भांड्यात पडतो. मात्र वजन खरंच उतरत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा तीन-चारच पदार्थांवर गाडी अडून बसली असेल तर डॉक्टरांना नीट दाखवाच.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा झाला, उष्टावण झालं. सून म्हणते मीठ नको, साखर नको, मध तर नकोच. मी तीन मुलं गुटी मधात उगाळून वाढवली, डाळीचं पाणी देऊन वाढवली, कोणाला काही झालं नाही. आता मी करायचं तरी काय? – आजी, मिरज

आजी, नमस्कार. तुमच्या हाताला करण्यासारखं खूप आहे, पण आधी मधाचं. वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटभरसुद्धा नको. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात, मोठ्यांना ते काही करत नाहीत पण इतक्या लहान बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार होतं आणि बाळ लुळं पडतं, श्वासाला त्रास होतो. मध गरम करूनही ते मरत नाहीत. हा आजार क्वचित होतो म्हणून तुमच्या तिघांना काही झालं नाही, पण झाला तर फार वाईट. इथे सुनेचं ऐकाच. मीठ, साखर, गूळ पण वर्ष होईपर्यंत वरून घालायची गरज नाही. आपल्याला अळणी लागतं, त्याला तीच पहिली चव आहे.

डाळीच्या पाण्याचं सांगते. वरचं निवळ पाणी म्हणजे खरोखर पाणीच, डाळ तळाशी राहते आणि बाळाचं इवलंसं पोट पाण्याने भरतं. त्यापेक्षा मूगडाळ-तांदूळ कुकरला मऊ करून, डाळीसकट कुस्करून, चमचा आडवा केला तरी पटकन ओघळणार नाही इतकं दाट द्या आणि त्यावर घरचं तूप. तूप हवंच, त्यात तुमचं शंभर टक्के बरोबर. आत्ता दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा, आणि अंगावरचं दूध चालूच. मिक्सरमधून गंधासारखं वाटू नका हो, हाताने कुस्करा. नऊ-दहा महिन्यांच्या आत जरा गोळे-गोळे लागायची सवय झाली तर पुढे चावायचा कंटाळा करत नाहीत मुलं.

आणि नाचणीचं सत्व तुम्हीच करा, ते विकतच्या डब्यात नाही मिळत तसं. माझी आई करायची ते असं. नाचणी तीन-चार पाण्यांनी धुवायची, खडा बघायचा, रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून ओल्या सुती फडक्यात घट्ट बांधून टांगायची. एक-दीड दिवसात बारीक पांढरे मोड येतात, थंडीत दोन दिवस धरा. मग सावलीत पंख्याखाली पसरून खडखडीत वाळवायची. इथे घाई नको, जरा ओल राहिली की पिठाला कुबट वास येतो आणि मग सगळं फुकट. मंद आचेवर किंचित भाजायची, दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड आणल्याने पचायला सोपी होते. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये तिला तोड नाही. दोन चमचे सत्व आधी गार पाण्यात कालवा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग ढवळत पाच-सात मिनिटं, तकाकी आली की झालं. त्यात कुस्करलेलं केळं किंवा वाफवलेलं सफरचंद घाला, गोडाची वेगळी गरज नाही.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलाला शेंगदाणे दिले तर चालतील का? – नाशिक

कूट, लाडू, चटणी करून चालतात. अख्खे नकोत. शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम हे चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे देऊ नका, पळता पळता हसता हसता दाणा श्वासनळीत जातो. संक्रांतीला काटेरी हलवा वाटतो तेव्हापण लक्ष ठेवा. द्राक्षं उभी चिरून द्या, आडवी नाही.

प्रश्न : बायकोची हॉस्पिटलमध्ये संध्याकाळची ड्युटी असते, त्यामुळे सातला घरी आल्यावर स्वयंपाक आणि दोन मुलं (पाच आणि दोन वर्षं) माझ्याकडे. भात सोडून काही येत नाही आणि रोज बाहेरून मागवणं मला पटत नाही. – एक बाबा, ठाणे

भात येतो म्हणजे अर्धं काम झालं. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, धुवून अर्धा तास भिजली तर बरं, नाही भिजली तरी चालेल. कुकरमध्येच तुपाची फोडणी, जिरं, हिंग, हळद, त्यात गाजर-मटार-पालक जे असेल ते, साडेचार-पाच वाट्या पाणी, मीठ, चार शिट्ट्या. तिखट घालू नका, तुम्ही वरून लसणाची चटणी घ्या. तुमच्या घरी एकाच भांड्यात सगळ्यांचं जेवण व्हायला पाहिजे, मुलांसाठी वेगळं करायला गेलात तर आठवड्यात दमाल.

दुसऱ्या दिवशी धिरडी. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, कांदा, कोथिंबीर, ओवा, पाणी, भज्यांपेक्षा पातळ पीठ. पहिलं बिघडतंच, सगळ्यांचं बिघडतं, तवा नीट तापला की दुसरं सुटतं. तिसऱ्या दिवशी पोळ्या कोणाकडून तरी आणा, त्यात कमीपणा नाही, आणि घरी फक्त पिठलं किंवा पालेभाजी करा. रविवारी तासभर काढून कोथिंबीर-मेथी निवडून ठेवा, लसूण सोलून ठेवा आणि भाजणी विकत आणून ठेवा, थालीपीठ हे बाबा लोकांना फार छान जमतं, हाताने थापायचंच असतं ना.

पाच वर्षांच्या मुलाला मटार सोलायला बसवा. अर्धे खाईल, खाऊ दे, ती भाजीच आहे. दोन वर्षांच्या बाळाला परातीत थोडी कणीक आणि वाटी द्या आणि ओट्यापासून लांब जमिनीवर बसवा. कुकर आणि कढई कायम मागच्या शेगडीवर, दांडा आतल्या बाजूला, ही एक गोष्ट विसरू नका.

प्रश्न : मुलगा पहिलीत गेलाय. डबा रोज भरलेला परत येतो. आवडीचं दिलं तरी. – सोलापूर

आधी बघा डबा त्याला उघडता येतो का. मी हे मनापासून सांगतेय. माझ्याकडे शाळेतून येणारी एक मुलगी महिनाभर उपाशी यायची, सगळे म्हणायचे नखरे करते. एक दिवस मी म्हटलं, उघडून दाखव बघू. तिने दोन्ही अंगठे क्लिपखाली घातले, ओठ दाबले, नखं पांढरी झाली आणि झाकण काही हललं नाही. बाईंना सांगायची लाज वाटत होती तिला. दुसऱ्या दिवशी आईने साधा स्टीलचा सैल झाकणाचा डबा दिला आणि डबा रिकामा आला. तर घरी चार-पाच दिवस त्याच डब्यात संध्याकाळचा खाऊ द्या, उघडणं, खाणं, बंद करणं सगळं त्याचं त्याने, घड्याळ लावून. छोट्या सुट्टीत दहाच मिनिटं असतात आणि त्यातली तीन हात धुण्यात जातात. त्यामुळे मोठी पोळी आणि वेगळी भाजी यापेक्षा गुंडाळी करून चार तुकडे करून द्या.

गार झाल्यावर चामट होणारं देऊ नका. दशमी करून बघा, तुमच्याकडे प्रवासाला नेतातच. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चमचाभर तूप, चवीला मीठ, गोड हवी तर दुधात गूळ विरघळवून (दूध कोमट असू दे, कढत दुधात गूळ घातला की फाटतं). जरा जाडसर लाटून मंद आचेवर तुपाने भाजायची. दुपारपर्यंत मऊ राहते आणि हाताला लागत नाही. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून केलेला लाडू पण मुलं आवडीने खातात, दोन छोटे लाडू दोन मिनिटांत संपतात. सोमवारी दशमी देऊन बघा, आणि घरी आल्यावर ‘डबा संपवलास का’ हे दारातच विचारू नका, आधी त्याला दप्तर ठेवू दे.