बोटीवरचे निवांत दिवस : वाचकांचे प्रश्न

लांब पल्ल्याच्या क्रूझबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी, एकही बंदर न लागणाऱ्या दिवसांविषयीचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : मला कसारा घाटातसुद्धा गाडी लागते. मग दहा-बारा रात्रींच्या क्रूझचे पैसे भरावेत की नाही? (इंदिरानगर)

भरा, पण केबिन स्वतः निवडा. केबिन कंपनी ठरवेल अशा अटीवर तिकीट स्वस्त मिळते. तुमच्यासाठी ती बचत नको.

बोट दोन तऱ्हांनी हलते. एकदा ती या कुशीवरून त्या कुशीवर डुलते आणि एकदा तिचे पुढचे टोक वर जाऊन खाली येते. डुलणे कमी करायला मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. टोकाच्या वर-खाली होण्यावर मात्र त्यांचा फारसा इलाज चालत नाही, म्हणून अगदी पुढची आणि अगदी मागची केबिन टाळा. लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन सर्वांत कमी हलते. वरच्या मजल्यावरची महागडी बाल्कनी दिसायला सुंदर, पण डुलणे तिथे जास्त जाणवते. नकाशात केबिनच्या डोक्यावर काय आहे तेही पाहा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, नाचाचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असलेला मजला उत्तम.

बोट लागते ती कान आणि डोळे यांच्या भांडणामुळे. आतला कान सांगतो हलतोय, बंद केबिनच्या भिंती पाहणारे डोळे सांगतात स्थिर आहोत. त्यामुळे मळमळले की बहुतेक जण आत जाऊन मोबाईल पाहत पडतात, आणि त्रास वाढतो. मोकळ्या डेकवर मधल्या भागात उभे राहा आणि क्षितिजाकडे पाहा. पोट रिकामे ठेवू नका. कोरडा टोस्ट, खाकरा, आल्याची वडी चालते. एव्होमिनची २५ मिलिग्रॅमची गोळी आदल्या रात्री झोपताना किंवा निघण्याच्या एक-दोन तास आधी घेतात. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही, म्हणून वेळ महत्त्वाची. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळीने झोप येते, तोंड कोरडे पडते. तिच्यासोबत दारू नको.

मुंबईहून जाणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्र खवळलेला असतो.

प्रश्न : आम्हाला शहरे बघायची नाहीत, फक्त पाणी पाहत बसायचे आहे. असा मार्ग कोणता? (कॉलेज रोड)

असे प्रवास आहेत आणि रात्रीमागे ते बरेचदा स्वस्त पडतात. वसंतात कॅरिबियनमधल्या कित्येक बोटी युरोपात जातात आणि शरदात परततात. अटलांटिक ओलांडताना सहा-सात दिवस सलग समुद्रच असतो. निवांतपणा हवा तर युरोपातून अमेरिकेकडे जाणारी फेरी घ्या. पश्चिमेकडे जाताना घड्याळ रात्री तासाने मागे जाते, म्हणजे त्या दिवसाची झोप तासभर जास्त. पूर्वेकडे येताना तोच तास जातो आणि आठवडाभर डोळे चुरचुरत राहतात. हा फरक माहितीपत्रकात सहसा नसतो. प्रवास एकतर्फी असल्याने परतीचे विमान आणि उतरण्याच्या देशाचा व्हिसा आधी जमवावा लागतो. शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) निघून तुर्कस्तानसारख्या बाहेरच्या देशाला लागून परत शेंगेनमध्ये येणारी बोट असेल, तर बहुप्रवेश व्हिसाच हवा.

पहिल्याच वेळी इतके लांब जाऊ नका. मुंबईहून तीन-चार रात्रींचा प्रवास करून सलग समुद्र मानवतो का ते पाहा. तिथेही एक हिशेब उपयोगी पडतो. बोट दक्षिणेकडे जाताना सकाळचे ऊन डावीकडून येते, दुपारचे उजवीकडून. दुपारी बाल्कनीत सावली हवी तर जाताना डावी बाजू, येताना उजवी. एकच केबिन दोन्ही वेळा असते, म्हणून ज्या वाटेवर समुद्राचा पूर्ण दिवस आहे तिच्याप्रमाणे ठरवा.

समुद्राच्या दिवशी नऊ-दहाच्या सुमारास बुफेत झुंबड असते. बसून वाढणाऱ्या जेवणघरात न्याहारी करा, तिथे घाई नसते. दुपारी तलावाभोवती खुर्ची मिळत नाही. खालच्या मजल्यावरचा, बोटीला वळसा घालणारा डेक मात्र पुष्कळदा रिकामा असतो. वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी कातडी लाल होते, म्हणून सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा.

प्रश्न : रात्री अंधारात बघण्यासारखे काय असते? दुर्बीण न्यावी का? (गंगापूर रोड)

जरूर न्या, पण सात किंवा आठ पट मोठे दाखवणारी. दहा पटीची हलत्या डेकवर स्थिर राहत नाही. पाण्यापासून २५ मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर असते, तेव्हा दूरच्या बोटीचे आधी दिवे वर येतात, मग बाकीची.

आकाशात ध्रुवतारा शोधा. त्याची क्षितिजापासूनची उंची म्हणजे तुमचा अक्षांश, साधारण. हात लांब करून धरलेली बंद मूठ जवळपास १० अंश व्यापते. नाशिकचा अक्षांश २० अंश, म्हणून इथे ध्रुव दोन मुठी वर. कोची गाठेपर्यंत तो एका मुठीवर येतो. सिंगापूरच्या आसपास तो क्षितिजाला टेकलेलाच असतो आणि दिसत नाही. दक्षिणेकडे अगस्त्य हा तारा उलट वर चढत जातो. डेकचे दिवे डोळ्यांत जातात, म्हणून सावलीची जागा शोधा आणि अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस मिनिटे तरी द्या.

प्रश्न : आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईला मधुमेह आहे. काय काळजी घ्यावी? (सिडको)

औषधे मोठ्या बॅगेत टाकू नका. ती बॅग बंदरावर जमा होते आणि केबिनच्या दाराशी यायला कित्येक तास लागू शकतात. गोळ्या मूळ पट्टीत, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. इन्सुलिन असेल तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नका, तो पुष्कळदा नुसता गारवा देतो; केबिन सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला आधीच सांगा. घड्याळ बदलले की गोळ्यांची वेळ कशी धरायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. बोटीवर डॉक्टर असतात, पण त्यांचे बिल मोठे येते. नेहमीचा मेडिक्लेम तिथे चालेल हे धरून चालू नका. प्रवास विमा घ्या आणि त्यात रुग्णाला बोटीवरून हलवण्याचा खर्च आहे का ते वाचा.

हात साबण-पाण्यानेच धुवायला सांगा. बोटीवर जुलाब-उलट्या पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर दारातले सॅनिटायझर पुरेसे पडत नाही.

शाकाहारी किंवा जैन जेवण तिकीट काढतानाच नोंदवा आणि पहिल्या रात्री जेवणघराच्या मुख्य वाढप्याला पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री त्याच्याशी ठरवला, तर कांदा-लसूण नसलेली भाजी वेगळी करून मिळते.

प्रश्न : फोनचे काय करायचे? (पंचवटी)

बोट सुटताच विमान मोड. नाहीतर फोन बोटीच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे रोमिंग अतिशय महाग असते. वाय-फाय हवे तर बोटीचे पॅकेज घ्या. विमान मोडमध्ये घड्याळ आपोआप बदलेलच असे नाही, म्हणून गजर बोटीच्या वेळेने स्वतः लावा.

प्रश्न : नाशिकहून त्याच दिवशी सकाळी निघालो तर चालेल का? (सातपूर)

पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर, हे जमते. पण कसाऱ्याला गाडी अडकली तर बोट थांबत नाही आणि चेक-इनची खिडकी सुटण्याच्या बरीच आधी बंद होते. आदल्या संध्याकाळीच मुंबई गाठा. सामानात इस्त्री, पाणी तापवायची कॉइल किंवा सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड ठेवू नका. आगीच्या भीतीने ते तपासणीत काढून घेतात. चिवडा-लाडू कारखान्यातून बंद आलेल्या पाकिटातलेच न्या आणि परदेशी बंदरावर उतरताना ते केबिनमध्येच ठेवा.