सौरपंपाने झोप दिली, पण उपशाचा लगामही सुटला

नवं तंत्रज्ञान आपलं रोजचं जगणं, पर्यावरण आणि रीतीभाती कशा बदलतंय, असा तुमचा प्रश्न आहे. एआयवर लिहिणारे पुष्कळ भेटतील. मी सौरपंपावर लिहितो, कारण आमच्या जुन्नर भागात शेतकऱ्याचा दिवस आणि रात्र त्यानेच बदलली.

शेतीची थ्री फेज लाइट आलटून पालटून यायची, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी आणि काठी घेऊन उसात दारं धरायला, म्हणजे सऱ्यांना पाणी द्यायला जायचं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा बिबट्यांचा पट्टा. उसातच त्यांची पिल्लं होतात. शिवाय साप. लाइटचा भरवसा नाही म्हणून जो तो मोटारीला ‘ऑटो’ बसवायचा. मग लाइट आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू, आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळालाच म्हणून समजा.

ज्यांच्याकडे पॅनल आले त्यांचं हे संपलं. केंद्राची कुसुम योजना २०१९ची, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ २०२४ची. पंपाच्या किमतीचे शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, पुढे ७.५. ढग आले की पाणी कमी पडतं, काचेवरची धूळ पुसावी लागते. पण रात्रीची झोप मिळाल्यावर त्याची तक्रार कोण करतो?

एक गोष्ट मात्र फारशी बोलली जात नाही. दारं धरणं दिवसाचं झालं आणि बऱ्याच घरांत ते बायकांकडे आलं. रात्री पुरुष जायचे. आता गोठा, खुरपणी सांभाळून पाण्याकडेही घरातली बाईच बघते. योजनेच्या जाहिरातीत हे कुठून दिसणार!

आता पाण्याचं. ‘ऊन फुकट, म्हणून उपसा वाढतो’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांचं वीजबिल राज्याने एप्रिल २०२४ पासून तसंही माफ केलंय. उपशाला खरा लगाम होता तो भारनियमनाचा, जळालेल्या डीपीचा आणि रात्री उठायच्या कंटाळ्याचा. तो सुटला. आपला खडक बेसाल्टचा, पाणी मावतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. साधी विहीर दोन-तीन तासांत तळाला गेली की मोटार बंद करावीच लागते. रात्रभर झरे तिला पुन्हा भरतात. म्हणजे विहीर स्वतःच थांबवते. बोअरला असं थांबवणारं काही नाही. पाणी गेलं की लोक आणखी खोल जातात.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पॅनलचा जमाना यायच्या कितीतरी आधी ठरवलं होतं: शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिकं ठरवायची. अशा गावात सौरपंपाने काही बिघडणार नाही. माझ्या मते पंपाचं अनुदान गावच्या पाण्याच्या ताळेबंदाला बांधायला हवं. आमच्याकडे हे बोलून बघितलं, तर ज्यांचे अर्ज अजून अडकलेत ते म्हणतात, ‘‘आधी आमचा पंप येऊ दे, मग काय तो ताळेबंद मांडा.’’