घरच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीचं इंजिन स्वतः बांधता येईल का?

तुमची गाडी तीस वर्षांहून जुनी आहे, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन निळा धूर सोडतं, ऑइल खातं, आणि ऑइल, प्लग, ब्रेक पॅड यापलीकडे तुम्ही आजवर कधी हात घातलेला नाही. तर हे इंजिन घरीच उतरवून, खोलून पुन्हा बांधता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

येईल. मी आजवर तीन बांधलीत, दोन पुशरॉडवाली (व्हॉल्व्ह उघडणारा कॅम खाली ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, आणि वर व्हॉल्व्हपर्यंत लांब काड्या) आणि एक ओव्हरहेड कॅमचं (कॅम वर हेडमध्ये). त्यातलं पहिलं मला दोनदा बांधावं लागलं. ते का, हे तुम्हाला कळावं म्हणून हे उत्तर जरा लांबवतोय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. खोलणं आणि जोडणं घरी होतं. धातू कापायचं काम, म्हणजे बोअर करणं (सिलिंडरचं भोक कापून मोठं करणं), क्रँक (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) ग्राइंड करणं, हेडचा (ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) फेस घेणं, म्हणजे तळ सपाट करणं, हे मशीनशॉपचं काम आहे, ते घरी करायच्या फंदात पडू नका. या दोन्हींच्या मधे मोजणं आणि धुणं येतं. इंजिन टिकणार की नाही हे बहुतेक तिथेच ठरतं, आणि ते सगळं तुमच्या हातात असतं. नवखा माणूस टॉर्क पान्याला (बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा पाना) घाबरतो आणि धुणं मात्र उरकून टाकतो. खरी भीती धुण्याची बाळगायला हवी.

पण पाना हातात घेण्याआधी धूर कधी येतो ते नीट बघा. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू केल्यावर एक भपकारा येऊन थांबत असेल, किंवा उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर धूर येत असेल, तर ऑइल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) किंवा सीलमधून उतरतंय. मग अख्खं इंजिन खोलायची गरजच नसेल, हेडच्या कामात भागेल. चढावर, जोर लावताना सतत धूर येत असेल तर रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) आणि बोअरवर (सिलिंडरच्या भोकावर) संशय घ्या. धूर पांढरा असून जात नसेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर ती हेड गॅस्केटची किंवा तडा गेलेल्या हेडची तक्रार आहे.

मग कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि प्रत्येक सिलिंडरला सहा-सात फेऱ्या. या वयाच्या धडधाकट इंजिनात साधारण १० ते १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर मिळायला हवेत. पण एकट्या आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त बोलतो. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर असेल तर काहीतरी बिघडलंय. आता कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंगा किंवा बोअर गेलाय. ढिम्म राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील तर त्यांच्या मधलं गॅस्केट फुटलंय. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते न करता इंजिन उतरवणारे लोक मी पाहिलेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

काम काढायचंच ठरलं तर तुमच्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल आधी मिळवा. खाली मी जे आकडे देतोय ते अंदाज यावा म्हणून. खरा आकडा मॅन्युअलमधलाच.

उतरवण्याबद्दल थोडक्यात. बॅटरी काढा, पेट्रोलची नळी बंद करून बूच लावा, कूलंट भांड्यात धरा आणि झाकून ठेवा, कारण ते चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना विषारी. गाडीखाली जायचं असेल तर घोड्या (जॅक स्टँड) लावूनच, नुसत्या जॅकवर कधीच नाही. असं छोटं इंजिनही शंभर किलोच्या वर भरतं. चेन ब्लॉकवर लटकत असताना त्याच्याखाली हातसुद्धा घालू नका. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती कोरडी घासून धूळ उडवू नका, ओली करून खरवडा.

खोलताना प्रत्येक वस्तूची जागा टिपून ठेवा. फोटो काढाच, पण फोटोवर विसंबू नका. बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीत चिठ्ठी. पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात पुशरॉड आणि व्हॉल्व्ह क्रमाने खोचा. टॅपेटचंही (कॅम आणि पुशरॉड यांच्या मधला तुकडा) तसंच, कारण प्रत्येक टॅपेट कॅमच्या आपापल्या लोबशी, म्हणजे उंचवट्याशी, घासून बसलेला असतो, अदलाबदल झाली की दोन्ही खराब होतात. सगळ्यात महत्त्वाच्या कॅपा, म्हणजे बेअरिंगवर बोल्टने बसणारे अर्धगोल तुकडे. मेन बेअरिंगच्या (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यांत फिरतो ती) कॅपा ब्लॉकला लावूनच त्यांचं भोक कापलेलं असतं, कनेक्टिंग रॉडचंही (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) तसंच. म्हणजे दोन नंबरची कॅप तीन नंबरला बोल्टने बसेल, घट्टही होईल, पण भोक गोल राहणार नाही. कंपनीचे नंबर दिसत नसतील तर सुट्या करण्याआधीच खुणा करा, कोणती बाजू पुढे तेही लिहा.

मग मोजणं. बोअर सगळ्यात जास्त झिजतो तो वरच्या भागात, वरची रिंग जिथे थांबते त्याच्या लगेच खाली. बोट फिरवलंत तर तिथे कडा लागेल. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि दर ठिकाणी क्रँकच्या दिशेने व तिला आडवा, असा सहा वेळा मोजा आणि कागदावर लिहा. वरच्या-खालच्या मापातला किंवा आडव्या-उभ्या मापातला फरक ०.१ मिमीच्या आसपास गेला असेल, तर नुसत्या नव्या रिंगा टाकून काही होत नाही, थोड्याच दिवसांत धूर परत येतो. तेव्हा बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकावे लागतात, बहुतेक इंजिनांना ०.२५, ०.५० मिमी अशा पायऱ्यांत मिळतात. पिस्टन आधी आणा आणि ब्लॉकबरोबर मशीनशॉपला द्या. पिस्टन मोजून मग बोअर करणारा माणूस चांगला.

आता माझ्या पहिल्या इंजिनाचं सांगतो. ब्लॉक बोअर होऊन आला तो धुतलेला, ऑइल चोपडलेला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. इतका देखणा दिसत होता की मी तसाच जोडायला बसलो. सुमारे ६०० किलोमीटर चालल्यावर गरम इंजिनावर, आयडलला, ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकायला लागला. ऑइल काढलं आणि भांडं उन्हात धरलं, तर आत बारीक चकाकी फिरत होती. संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवला, दोन नंबरची मेन कॅप सोडली. बेअरिंगच्या राखाडी पृष्ठभागावर नखाला लागतील अशा रेघा होत्या, शेजारी शेजारी, आणि खोल रेघांच्या तळाशी तांब्याचा लालसर रंग उघडा पडला होता. एका रेघेच्या टोकाला काळा कण रुतून बसलेला. मी तो सुईने काढला आणि चुंबक जवळ नेला, तर तो उडी मारून चिकटला. लोखंडाचा भुसा होता, बोअर करतानाचा.

तो आला कुठून, हे समजायला ऑइलची वाट समजून घ्यावी लागते. ब्लॉकच्या लांबीभर एक भोक जातं, ती मुख्य ऑइल गॅलरी. दोन्ही टोकांना प्लग असतात. तिथून ऑइल मेन बेअरिंगना जातं आणि क्रँकमधल्या तिरक्या भोकांतून बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) पोचतं. फिल्टर या गॅलरीच्या अलीकडे असतो. म्हणजे गॅलरीत राहिलेला कचरा अडवायला पुढे काहीही नाही, तो सरळ बेअरिंगमध्ये घुसतो. माझ्या ब्लॉकचे ते प्लग कुणीच काढले नव्हते. बाहेरून धुणं झालं होतं, आतून नाही. आणि तपासायचं काम माझं होतं. सगळी बेअरिंग गेली, क्रँक ०.२५ मिमीने ग्राइंड करावा लागला.

तेव्हापासून मशीनशॉपमधून कितीही स्वच्छ ब्लॉक आला तरी मी गॅलरीचे प्लग काढतोच. गरम होऊन, गंजून बसलेले असतात, निघता निघत नाहीत, तरी काढतो. लांब दांड्याचा ब्रश प्रत्येक भोकातून आरपार घालायचा, क्रँकच्या भोकांतूनही, मग डोळ्यांवर चष्मा लावून हवेने फुंकायचं. बोअरसाठी रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नका. होनिंग केल्यावर (दगडाने बोअर आतून घासल्यावर) बोअरच्या भिंतीवर तिरक्या जाळीसारख्या रेघा राहतात, त्यांत ऑइल धरून राहावं म्हणून. त्याच रेघांत होनच्या दगडाची पूडही बसते, आणि रॉकेल तिला सैल न करता आतच पसरवतं. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ताठ केसांचा ब्रश घ्या, आणि दंड दुखेपर्यंत घासा. मग पांढरं फडकं ऑइलमध्ये बुडवून बोअरमध्ये फिरवा. राखाडी डाग आला की पुन्हा साबण. माझ्या तिसऱ्या इंजिनाला पाच वेळा धुवावं लागलं, पाचव्यांदा फडकं पांढरं निघालं. पाणी पुसल्याबरोबर लगेच ऑइल लावा, नाहीतर काही मिनिटांत बोअरवर नारिंगी गंज दिसायला लागेल.

हेडचं काम त्या मानाने सोपं. सरळपट्टी ठेवून खाली ०.०५ मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची, ठरावीक जाडीची पट्टी) जाते का बघा, जात असेल तर फेस घ्यायला द्या. ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासा, सीटवर (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) सगळीकडे सारखा, न तुटलेला मळकट राखाडी पट्टा दिसला पाहिजे. इंजिन शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं असेल तर एक्झॉस्टच्या सीट कडक धातूच्या करून घ्या. त्या काळी शिशाचा थर सीटला राखत असे, तो आता मिळत नाही आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो.

जोडण्याच्या आधी रिंगांची फट तपासा. रिंग एकटीच बोअरमध्ये घाला, उलट्या पिस्टनने सरळ ढकला आणि टोकांमधली फट फिलरने मोजा. वरच्या रिंगेला ७५ मिमीच्या बोअरमध्ये साधारण ०.३० मिमी. फट कमी असेल तर रिंग गरम होऊन टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो.

बेअरिंगची फट प्लॅस्टिगेजने मोजतात, आणि हा प्रकार मला मनापासून आवडतो. दोऱ्याएवढी मेणासारखी काडी असते. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) कोरडं पुसून त्यावर काडी लांबीच्या दिशेने ठेवायची, कॅप लावून पूर्ण टॉर्क द्यायचा, क्रँक जराही न फिरवता कॅप परत काढायची. काडी चपटी झालेली असते. तिची रुंदी पाकिटावरच्या छापील पट्टीशी ताडून बघायची, जितकी रुंद तितकी फट कमी. ०.०३ ते ०.०६ मिमीच्या दरम्यान काहीतरी निघेल. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल तर जर्नल निमुळतं झालंय. मापलं की काडी नखाने, ऑइल लावून पूर्ण पुसून काढा.

मग असेंब्ली ल्युब (जोडताना लावायचं वंगण) लावून एकेक मेन कॅप टॉर्क करत जा आणि दर कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. अडकला तर कोणत्या कॅपने अडकवला हे तिथल्या तिथे कळतं. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा, म्हणजे पिस्टन आत जाताना क्रँकवर ओरखडे उठणार नाहीत. पिस्टन हातोडीच्या लाकडी दांड्याने हळू ठोकत आत घाला. मध्येच थांबला तर तुम्हीही थांबा. रिंग क्लॅम्पमधून (रिंगा दाबून धरणारा पट्टा) निसटलेली असते, आणखी एक ठोका दिलात की ती मोडते. ब्लॉकमधल्या बंद भोकांत ऑइल किंवा पाणी साचलेलं नाही ना, तेही बघा. त्यावर बोल्ट आवळला तर आतल्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळा. टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि कॅमच्या चाकांवरच्या) जुळवल्यावर पान्याने क्रँकच्या दोन पूर्ण फेऱ्या मारा आणि खुणा परत बघा.

सुरू करण्याआधी प्लग काढलेले ठेवून स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, थोड्या थोड्या वेळाने. गॅरेजचं दार सताड उघडं, अग्निशामक हाताशी. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुशरॉडच्या इंजिनात नवा कॅम आणि नवे टॅपेट टाकले असतील तर पहिली वीस मिनिटं आयडलवर ठेवू नका, २००० च्या आसपास आरपीएम ठेवा, थोडं वर-खाली करत, आणि ऑइल जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं घ्या. आयडलला या कॅमवर पुरेसं ऑइल उडत नाही. नंतर गाडी रस्त्यावर काढा आणि मध्यम जोर लावत, सोडत चालवा. रिंगा बोअरवर बसतात त्या दाबाने, नुसत्या उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसत नाहीत.

पहिलं ऑइल लवकर बदला, पाचशे किलोमीटरच्या आत. ते भांड्यात घेऊन उन्हात बघा, चुंबक फिरवा, फिल्टर कापून कागद उलगडा. थोडा राखाडी गाळ चालतो, चकाकणारे कण चालत नाहीत.

आत्ता मात्र फक्त कॉम्प्रेशन गेज मिळवा. चारही सिलिंडरचे आकडे, कोरडे आणि ऑइल सोडल्यानंतरचे, असे आठ आकडे कळवा. धूर नेमका कधी येतो तेही लिहा, मग हेड उतरवायचं की अख्खं इंजिन, ते सांगतो.