हवेवर उडणारं हॅलोविनचं भूत: सिलिंडर घेण्याआधी हे वाच

अरे, भूत दाबाच्या हवेने वर उडवायचंय म्हणून लगेच सिलिंडर (हवेच्या दाबाने आतला पिस्टन ढकलणारी नळी) शोधत बसू नकोस, आधी भुताचं वजन बघ आणि ते किती वर यायला हवंय ते ठरव, मग बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन किती सरकतो ते अंतर) आपोआप ठरतं. 40 मिमी बोअरचा सिलिंडर 4 बार दाबाला साधारण 50 किलोचा जोर लावतो, थर्माकोलच्या कवटीला एवढं कशाला? मधे कुणाचा हात आला तर संपलंच. त्यामुळे हवेचा दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर पाहिजेच, 2 बारपासून सुरू कर आणि हळूहळू वाढव.

सिलिंडरच्या दोन्ही पोर्टना (हवा आत-बाहेर जायच्या तोंडांना) फ्लो कंट्रोल लाव, बाहेर जाणारी हवा थोडी अडवणारे. वर येताना झपकन, खाली जाताना सावकाश, खरी मजा त्यातच आहे. नाहीतर पिस्टन टोकाला धाडकन आदळत राहतो आणि फ्रेमचे नटबोल्ट एकेक करून ढिले होतात.

हवा सोडणारा व्हॉल्व्ह 12 व्होल्टचा 5/2 (पाच तोंडं, दोन स्थिती) घे, त्याच्या कॉइलवर उलटा डायोड टाक. पीआयआर सेन्सर (माणसाची हालचाल ओळखणारा) ऑन केल्यावर पहिलं मिनिटभर उगाच ट्रिगर देतो, तोवर हवा बंदच ठेव. आणि तो वाटेच्या बाजूला लाव, आडवं जाणारं माणूस त्याला पटकन कळतं, सरळ अंगावर चालत येणारं उशिरा.

पीव्हीसी पाइपात हवा भरायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नको, फुटला की तुकडे उडतात. पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब वापर. आणि आत हात घालायच्या आधी नुसती लाइट बंद करून भागत नाही, स्प्रिंगवाला व्हॉल्व्ह परत फिरतो आणि पिस्टन हलतो, सगळी हवा सोडून दे मगच हात घाल.