हृदयाला हुकूम देतं कोण?

तुमचा प्रश्न असा, की प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा, म्हणजे मेंदूकडून येणारे मज्जातंतू, कापाव्या लागतात, मग दुसऱ्याच्या छातीत ते धडधडतं कुणाच्या सांगण्यावरून? स्वतःच्याच. मेंदूकडे फक्त लगाम असतो.

कॉलेजात प्रॅक्टिकलला सरांनी बेडकाचं हृदय काढून क्षारांच्या द्रावणात ठेवलं होतं. ना मेंदू, ना नसा, ना रक्त. तरी ते बशीत आपलं आकसतंय, फुगतंय. आम्ही वह्या मिटल्या तरी थांबलं नव्हतं. मला तर जरा कसंतरीच झालं.

आपल्या हृदयात उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, भिंतीत, वरची महाशीर जिथे येऊन मिळते तिथे, एसए नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. कीथ आणि फ्लॅक या संशोधकांनी १९०७ साली तो दाखवून दिला. त्याच्या पेशींना स्वस्थ बसणं माहीतच नाही. त्यांच्यात सोडियम सतत झिरपत राहतो, विद्युतदाब हळूहळू चढतो, ठरावीक पातळीला कॅल्शियम आत घुसतो आणि ठिणगी पडते. लगेच पुन्हा पहिल्यापासून. त्यांना मोकळं सोडलं तर मिनिटाला साधारण १०० ठोके पडतील. मेंदूकडून येणारी व्हेगस नस त्यांना आवरून धरते, म्हणून आरामात बसल्यावर नाडी सत्तरच्या आसपास लागते.

प्रत्यारोपण केलेल्या हृदयाला हा लगाम नसतो. म्हणून ते बसल्या जागीही नव्वद-शंभरने चालतं. गंमत म्हणजे जिना चढताना मात्र ते मागे पडतं, कारण रक्तातून अ‍ॅड्रेनालिन हे वेग वाढवणारं संप्रेरक पोहोचेपर्यंत त्याला श्रमाची खबरच नसते. वर पोहोचून माणूस खुर्चीत टेकला तरी त्याचा वेग लवकर उतरत नाही.

आता पंपाचं. ठिणगी अलिंदांतून पसरते आणि वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या एव्ही नोड नावाच्या पुंजक्यापाशी सेकंदाचा सुमारे दहावा भाग अडखळते. हे अडखळणं हवंच, नाहीतर वरचे-खालचे कप्पे एकदमच आकसले असते आणि अलिंदांतलं उरलेलं रक्त खाली उतरलंच नसतं. मग निलय, म्हणजे खालचे कप्पे, आकसतात, तेही ओलं फडकं पिळावं तसे पीळ घेत. प्रत्येक निलयातून दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला जवळपास ५ लिटर रक्त बाहेर पडतं.

‘लब-डब’ हा आवाज हृदय छातीवर आपटल्याचा नव्हे, झडपा मिटल्याचा. अलिंद-निलयांमधल्या मिटल्या की लब, धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या मिटल्या की डब. त्या मिटतात रक्ताच्याच दाबाने.

आणि हृदयाला विश्रांती नसते, हेही खरं नाही. नाडी ७५ असताना एका ठोक्याच्या ०.८ सेकंदापैकी ०.५ सेकंद निलय सैल असतात. तेवढ्यात ते भरतात, आणि डाव्या निलयाच्या स्नायूला स्वतःचं रक्तही मुख्यतः तेव्हाच मिळतं. नाडी पळायला लागली की सगळ्यात जास्त कात्री लागते ती या अर्ध्या सेकंदाला. फारच पळाली, तर निलय भरायच्या आतच आकसतात आणि ठोके वाढूनही रक्त कमीच बाहेर पडतं.