दुपारचा डबा ते रात्रीचे जेवण

प्रश्न : मी बदलापूरला राहते आणि मुंबईत फोर्ट भागातील एका कार्यालयात नोकरी करते. सकाळी सातच्या आत घर सोडताना चहा आणि दोन बिस्किटे एवढेच पोटात जाते. साडेबाराला पोळी-भाजीचा डबा खाते, नंतर दोन-तीनदा चहा होतो, आणि कधी स्टेशनवर वडापाव. घरी पोहोचायला साडेआठ आणि स्वयंपाक उरकून जेवायला दहा वाजतात. सकाळी फळे खायची, रात्री भात बंद, असे नियम मी अनेकदा ठरवले, पण आठवड्याभरात सगळे विस्कटते. वय ४१ आहे, वजन वाढते आहे आणि अलीकडे हिमोग्लोबिनही कमी आले आहे. वेळच नसेल तर नीट खायचे कसे? – एक वाचक, बदलापूर

उत्तर : आपण काय खाता याबरोबर केव्हा खाता हेही लिहिलेत, त्यामुळे अडचण कुठे आहे ते लगेच दिसते. साडेबारा ते रात्री दहा, म्हणजे साडेनऊ तास आपल्याला धड जेवण मिळत नाही. या काळात चहा-बिस्किटांनी भूक फक्त पुढे ढकलली जाते, घरी आल्यावर स्वयंपाक करता करता फरसाण किंवा पोळीचा तुकडा तोंडात जातो, दहा वाजता भुकेपेक्षा जास्त जेवण होते आणि त्या जडपणामुळे सकाळी भूकच लागत नाही. म्हणून सकाळच्या फळांचा नियम टिकत नाही. त्यात आपल्या निर्धाराचा काही दोष नाही. सुरुवात सकाळपासून न करता संध्याकाळपासून करा, असे मी आपल्याला मनापासून सुचवेन.

कार्यालयातून निघण्यापूर्वी, पाच-साडेपाचच्या सुमारास, ठरवून काहीतरी खा. मूठभर फुटाणे, थोडे भाजलेले शेंगदाणे आणि एक केळे किंवा पेरू एवढे पुरते. फुटाणे-शेंगदाण्यांची बरणी टेबलाच्या खणात ठेवली, तर सकाळच्या घाईत त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. कधी सकाळीच भाजलेले भाजणीचे थालीपीठ, कधी वाफवलेली मोडाची मटकी कांदा आणि लिंबू घालून, तर अंडी चालत असतील तर एक उकडलेले अंडे न्यावे. पोटात एवढा आधार असला की स्टेशनवरच्या वडापावची ओढ आपोआप कमी होते. तो कधीतरी आवडीने खाल्ला तर काही बिघडत नाही. आठवड्याभरात रात्रीची भूक उतरल्याचे जाणवेल आणि त्यानंतर सकाळी घरून निघताना एखादे धिरडे किंवा वाटीभर उपमा जड वाटणार नाही.

रात्री भात बंद करण्याची गरज नाही. एक वाटी भात, त्यावर घट्ट वरण आणि भाताहून अधिक भाजी, हे उत्तम जेवण आहे. पिठले-भाकरी किंवा भरपूर भाज्या घातलेली मुगाची खिचडीही तशीच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत २००० किलोकॅलरींच्या आहारासाठी दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि कोरड्या मापाने ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत. आपल्या डब्यातील चार चमचे भाजी त्या मानाने फारच कमी पडते. डबा बदलायचा तो एवढाच, की एक पोळी कमी करून भाजीचा कप्पा मोठा करा आणि आठवड्यातून तीन दिवस उसळ न्या.

आता हिमोग्लोबिन. ते कमी का झाले, याचा शोध आधी डॉक्टरांकडून घ्यावा. या वयात मासिक पाळीत अधिक रक्तस्राव होत असेल तर तेही त्यांना स्पष्ट सांगावे. आहारापुरते सांगायचे, तर चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते, म्हणून जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा टाळावा. उसळीवर किंवा पालेभाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक चांगले शोषले जाते. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्याही चहाबरोबर घेऊ नयेत. चहाच्या साखरेचाही हिशेब ठेवावा: एका लहान चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर असते, म्हणजे दोन चमचे साखरेच्या चार कपांतून ४० ग्रॅम पोटात जाते.

राहिला वेळ. शनिवारी रात्री मटकी भिजत घालावी, रविवारी सकाळी पाणी निथळून ओल्या फडक्यात बांधावी आणि मोड आल्यावर झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी; दोन-तीन दिवसांच्या उसळीची सोय होते. त्याच दिवशी पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवता येते. मात्र हे काम आपण एकटीने करू नये, हे मी आग्रहाने सांगते. जेवणारे सगळे असतील तर निवडणारे, मोड आणणारे आणि रात्री आधी घरी पोहोचून कुकर लावणारेही घरातले सगळे असले पाहिजेत. दहाचे जेवण नऊवर आणण्याचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात काम करतो. रात्रपाळीच्या आठवड्यात जेवण केव्हा करावे? – एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : मुख्य जेवण पाळीवर जाण्यापूर्वी घरी, कुटुंबाबरोबर करा. मध्यरात्रीनंतर पचनशक्ती मंदावते, म्हणून कॅन्टीनमध्ये तळलेले न घेता दही-भात किंवा पोळी-उसळ असे थोडेसेच खा. सकाळी पाच-सहाच्या झोप घालवणाऱ्या चहामुळे घरी गेल्यावर लागणारी झोप मोडते, त्यामुळे शेवटचा चहा दोन-अडीचच्या आत संपवा, आणि झोपण्यापूर्वी हलका नाश्ता करा. आपल्याला मधुमेह असेल आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर पाळीप्रमाणे औषधाच्या वेळा कशा बदलायच्या ते डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. जेवणाच्या वेळा त्यानंतरच बदला.