रंग आधी टाइलवर, मग भांड्यावर

पहिल्याच खेपेला लाल ग्लेझच्या (मातीच्या भांड्यावर भाजून बसवायच्या काचेसारख्या लेपाच्या) मागे लागू नका. तांब्याचा तो लाल रंग भट्टीत ऑक्सिजन कमी असला तरच उमटतो. साध्या इलेक्ट्रिक भट्टीत तेच तांबं हिरवं होतं. सुरुवात एका पारदर्शक बेस ग्लेझने करा. १०० ग्रॅम कोरड्या पावडरीत कोबाल्ट ऑक्साइड अर्धा ग्रॅम घातलं तरी चांगला निळा मिळतो, दोन ग्रॅम घातलं की जवळजवळ काळा. कॉपर कार्बोनेट २ ते ३ ग्रॅम हिरव्यासाठी. रेड आयर्न ऑक्साइड २ ग्रॅमला मधासारखं, ८-१० ग्रॅमला गडद तपकिरी. पाण्यात कालवलेलं मिश्रण ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून दोनदा गाळा, नाहीतर कोबाल्टचे निळे ठिपके उठतात.

घट्टपणा सायीच्या दुधाइतका. बिस्क (ग्लेझ न लावता एकदा भाजलेलं) भांडं ओल्या स्पंजने पुसा आणि तीन सेकंद बुडवून काढा. सुकल्यावर थर सुईने खरवडून बघा: एक मिलिमीटरच्या आसपास हवा. दोन ग्लेझ एकावर एक लावलीत तर वरचं फक्त वरच्या एक तृतीयांश भागात घ्या, कारण जिथे दोन थर मिळतात तिथे ओघळ येतो. बुडापासून अर्धा सेंटिमीटर कोरं ठेवलं नाही तर भांडं भट्टीतल्या शेल्फला चिकटलंच म्हणून समजा.

ग्लेझ आक्रसून उघडी माती दिसली, तर बहुतेक वेळा धूळ, बोटांचं तेल किंवा जाड थर कारण असतो. टेस्ट टाइल (रंग आधी तपासायचा मातीचा छोटा तुकडा) उभीच भाजा. आडवी टाइल ओघळ लपवते. क्रोमचं हिरवं आणि टिनचं पांढरं एकाच भट्टीत नको, पांढरं गुलाबी होऊन बसतं. (काहींना ते आवडतंही.) पावडर मोजताना मास्क लावा, आणि तांब्याचं ग्लेझ खाण्याच्या भांड्याच्या आत लावू नका.